कोरड्या चादरी

९ जानेवारी

प्रिय ठमे,

आधी हे वाच: बाबा आहेत, आणि तसे बरे आहेत. पाकिटावर माझं अक्षर बघून भलतंच मनात आलं असेल म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. आपल्या घरातून तुला वेळेवर काही कळवत नाहीत असं तुझं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे.

फोनवर हे सांगता आलं नसतं. तुझ्या त्या बंदरातल्या कचेरीत सदा भोंगे वाजत असतात, आणि इथे मी घरात कुठेही बोलले तरी बाबांना ऐकू जातं. त्यांचे कान अजून तिखट आहेत.

तर, बाबांना लघवी आवरत नाही. ज्या माणसाने उभा जन्म लांब पल्ल्याच्या गाड्या चालवल्या, डेपोपासून डेपोपर्यंत दाबून धरली आणि वर 'ब्रेक काय फक्त गाडीलाच असतो होय' म्हणून मिशीत हसला, त्याला आता खुर्चीतून उठून संडासापर्यंत पोचता येत नाही. कळ आली की आलीच. उठेपर्यंत पायजमा ओला. मग चिडचिड, ती माझ्यावर. दाराची कडी लवकर निघत नाही, तू मध्ये तो वेताचा मोडा ठेवलास, तू हाक मारलीस म्हणून लक्ष गेलं. सगळ्याला मीच कारण.

गेल्या महिन्यात न्हाव्याच्या खुर्चीत झालं. केस अर्धे कापून झाले होते. मी बाहेरच्या बाकावर पेपर चाळत बसले होते. न्हाव्याच्या लक्षात आलं. तो क्षणभर थांबला, आणि फवाऱ्याच्या बाटलीचं झाकण काढून सगळं पाणी त्याने बाबांच्या मांडीवर ओतलं. "काका, माफ करा, हातातून सुटली हो बाटली!" असं मोठ्याने म्हणाला, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.  घरी येताना बाबा वाटेत एकदाच म्हणाले, "भला मुलगा आहे." तेव्हापासून त्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाही. केस मी कापते. मागून उंदरांनी कुरतडल्यासारखे दिसतात.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. दुसरं काही नाही, मूत्राशयच उतावळं झालंय म्हणाल्या. आजपासून गोळी सुरू केली आहे.

आई गेल्यावर तू आलीस, दारातच बाबा तुला म्हणाले, "कळवलं असतं तर आली असतीस का?" आणि तू बॅग न उघडता परत गेलीस. त्यानंतर तुम्हा दोघांत एक शब्द नाही. त्यात मला पडायचं नाही. दोघांच्या मध्ये उभं राहून माझे पाय दुखायला लागलेत. पण या वेळी कळवलं नाही असं व्हायला नको. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

तुझं चार ओळींचं उत्तर मिळालं. चार तर चार. त्यातली एक ओळ प्रश्नाची होती, 'तू तुझ्या डुकरांना देतेस तेच का हे औषध?'

हो, त्याच घराण्यातलं. माझं काम काय आहे हे तू इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतंस, म्हणून सांगते. सकाळी कत्तलखान्यातून डुकराचं मूत्राशय बर्फात येतं. त्याच्या भिंतीतून मी आगपेटीच्या काडीएवढी पट्टी कापते आणि दोऱ्याने काचेच्या नळकांड्यात टांगते. नळकांड्यात कोमट खारं पाणी, खालून वायूचे बुडबुडे. डुक्कर मेलेलं असतं, पण ती पट्टी दिवसभर जिवंत राहते. दोन बाजूंना तारा. विजेचा बारीक झटका दिला की पट्टीतल्या नसा जाग्या होतात, स्नायूला निरोप धाडतात, स्नायू आकसतो आणि पडद्यावर एक टेकडी उमटते. झटका, टेकडी. झटका, टेकडी. मग मी औषधाचा थेंब घालते. झटका तोच, नसाही निरोप धाडतच असतात, पण स्नायूचे कान बंद झालेले. टेकडी बुटकी होत जाते. पार सपाट मात्र होत नाही. किती बुटकी झाली ते मोजायचं आणि कॉलेजात वर्गावर तेच शिकवायचं, एवढंच माझं काम. बाबा त्याला मूतखातं म्हणतात. शेजाऱ्यांना सांगतात, "थोरली मूतखात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे."

आणि औषध धुऊन काढलं तरी टेकडी लगेच मूळ उंचीवर येत नाही. पाणी बदलायचं, थांबायचं, पुन्हा बदलायचं, पुन्हा थांबायचं. माझं बरंचसं आयुष्य त्या थांबण्यात गेलं आहे. लोक विचारतात लग्न का नाही केलंस. मी म्हणते, पट्टी धुवत होते.

घरी टेकडी बुटकी झाली आहे. गोळी लागू पडली. आठवड्याभरातच फरक पडायला लागला आणि काल सकाळी चादर कोरडी निघाली. मी हात फिरवून पुन्हा पुन्हा बघितलं. मग तिथेच पलंगाच्या कडेला बसले आणि कामावर जायला उशीर केला. बाबांच्या तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही, पेपरातली अक्षरं पुसट दिसतात म्हणतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं चालायचंच.

कालपासून शेजारचे पोस्टमास्तर पुन्हा बुद्धिबळाला यायला लागलेत. आठवतात ना ते तुला? निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून हाक मारतात ती पत्ता वाचल्यासारखी, मजल्यासकट.

बरं चाललंय.

ताई

२६ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

हे पत्र मी दोनदा फाडलं.

बाबा मऊ झालेत. आधी मला तो गोळीचा चांगुलपणा वाटला. पायजमा कोरडा असेल तर कोणाचाही स्वभाव सुधारेल. ओरडणं बंद, चहात साखर कमी म्हणून तक्रार नाही, मोड्याला शिव्या नाहीत. मी घरी आले की "आलीस? बस" म्हणतात. या घरात मला बस म्हणणारं गेल्या कित्येक वर्षांत कोणी नव्हतं.

मग परवा पोस्टमास्तर जिन्यात थांबले होते. अवघडून म्हणाले, "तुमचे वडील घोडा सरळ चालवतात." मी म्हटलं, मस्करी करत असतील. "दोनदा मीही तसंच समजलो," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा मी हरलो त्यांच्याकडून. सांगवेना."

वय झालं, ठमे. माणसं अशीच हळूहळू जातात.

आता जे फाडलं होतं ते लिहिते. रविवारी दुपारी मी त्यांचे केस कापत होते. मागे उभी होते, त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. अचानक म्हणाले, "ठमे, तू कधी आलीस?"

मी म्हटलं, "बाबा, मी ताई."

"ताई कामावर असेल," ते म्हणाले. "बरं झालं. तिच्यापुढे हे बोलायचं नव्हतं. ती आधीच दमलेली असते. तिला काही सांगितलं की ते तिचं आणखी एक काम होऊन बसतं."

माझ्या हातात कात्री होती. 

मग ते सांगायला लागले. अगदी शांतपणे, कोणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. "तुझी आई दवाखान्यात म्हणत होती, ठमीला बोलवा. रोज म्हणायची. मी म्हणायचो, बोलावतो. फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. तिला म्हटलं ठमीची नवी नोकरी आहे, ताईला म्हटलं कळवलंय, निघतेय ती. तुला बोलावलं असतं गं, तर ही जाणार हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. मला ते करवलं नाही. आणि मग तू आलीस तर तुझ्यावरच ओरडलो. दुसरं काय करणार होतो, तू विचारलं असतंस ना."

मलाही यातलं काही ठाऊक नव्हतं, तुझी शपथ. मला त्यांनी तेव्हा खरोखरच सांगितलं होतं की तुला कळवलंय; कळवलं नव्हतं हे मलाही तू दारात आलीस तेव्हाच कळलं. तू येत नाहीस म्हणून मी त्या दिवसांत तुझ्यावर मनातून किती जळले ते आता सांगून उपयोग नाही.

मग त्यांनी विचारलं, "रागावलीस?"

आणि मी म्हटलं, "नाही बाबा. नाही रागावले."

त्यांनी मागे हात करून माझा हात शोधला. दोनदा थोपटला. मग मान खाली घालून म्हणाले, "काप आता. कानामागे जरा जपून."

ताई

१५ मार्च

प्रिय ठमे,

तुझं पत्र आलं. इतकं लांब पत्र तू मला आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंस, आणि तेही शिव्यांचं. सगळं वाचलं. 'आई मला बोलावत होती हे मला आत्ता कळतंय, आणि माझ्या वतीने त्यांना माफ करून तू मोकळी झालीस. तुला कोणी सांगितलं होतं?' कोणी नाही. मला तो अधिकार नव्हता. मी दमले होते आणि ते उत्तर सगळ्यात सोपं होतं.

पण रागवायचंच असेल तर पूर्ण ऐकून घे. मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले. 'वय झालं' असं लिहिलं तेव्हा ते वय नाही हे मला माहीत होतं.

त्या रविवारच्या थोडं आधी वर्गात मी याच औषधांवर शिकवत होते. दरवर्षी शिकवते. नसेचा जो निरोप मूत्राशयात चालतो तोच डोक्यातही चालतो, आठवण त्याच्यावरच उभी असते. तरुणांच्या डोक्यात ही गोळी फारशी शिरत नाही. म्हाताऱ्यांच्या शिरते. खाली टेकडी बुटकी होते तशी वरही होते. मी हे फळ्यावर लिहीत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग घरच्यांना हे कळत कसं नाही?"

मी फळ्याकडे तोंड करूनच सांगितलं, "घरच्यांना वाटतं, वय झालं."

आणि खडू हातात तसाच राहिला. मुलांना वाटलं मी पुढचा मुद्दा आठवतेय.

त्या दिवशी घरी येऊन गोळी बंद करायला हवी होती. निदान डॉक्टरीणबाईंना फोन. मी काय केलं? संध्याकाळी पाण्याचा पेला आणि गोळी त्यांच्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. त्यानंतरही. तो रविवार गोळी चालू असतानाचा आहे, ठमे, आणि त्यानंतरही मी देत राहिले. तुझ्या पत्राची वाट बघत होते असं म्हणता येईल, पण तेही खोटं होईल.

चादरी कोरड्या होत्या. बस, एवढंच. सकाळी उठून बादली भरायची नव्हती. कामावर जाताना माझ्या हातांना साबणाचा वास येत नव्हता. आणि घरी एक मऊ म्हातारा होता, तो मला बस म्हणत होता. तो तुझ्या नावाने म्हणत असला तरी मला चालत होतं. मी रोज डुकराच्या पट्टीला औषध पाजते आणि टेकडी बुटकी झाली की वहीत लिहिते. घरीही तेच केलं, लिहिलं तेवढं नाही.

तुझं पत्र वाचल्यावर उठले आणि डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, हेही. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. गोळी बंद केली आहे. डोक्यात न शिरणारी दुसरी एक आहे, पण बाबांचा रक्तदाब इतका चढा की ती देता येत नाही.

आज सकाळी चादर ओली होती.

ताई

५ एप्रिल

प्रिय ठमे,

तू गप्प आहेस. ठीक आहे. मी मात्र कळवत राहणार.

पट्टी धुवायला लागतो तसा वेळ लागला. आधी काहीच फरक नाही. मला वाटलं, माझ्या उशिराने डोकं कायमचंच गेलं की काय. जेवण जाईना. मग एका सकाळी आरशासमोर उभे राहून गरजले, "हे डोकं कोणी भादरलंय?" मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. संध्याकाळी पोस्टमास्तरांना दोन डाव हरवलं. पोस्टमास्तर हरल्यावर इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. जाता जाता मला खुणेने सांगितलं, अडीच घरं!

आणि तो मऊ माणूस गेला. आल्यावर बस म्हणणं बंद झालं. मोडा पुन्हा मध्ये यायला लागला.

काल त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. गोळीने काय होतं, कसं होतं. त्यांनी इंजिनाचा बिघाड ऐकावा तसं ऐकून घेतलं.

"म्हणजे एक तर वर कोरडं नाहीतर खाली कोरडं," म्हणाले.

"तसंच."

"आणि तुला कधी कळलं?"

मी तेही सांगितलं. वर्गातलं, त्यानंतरच्या गोळ्यांचं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते माझ्या हातांकडे बघत राहिले, बोटांच्या पेरांवर साबणाने सालपटं निघालेली असतात तिकडे. मग त्यांनी विचारलं, "चादरी फार होतात का गं?"

मी नाही म्हणणार होते. तोंडातून निघालं, "होतात."

"मग तू ठरव," ते म्हणाले. "तुला झेपत नसेल तर दे गोळी. चालला घोडा सरळ तर चालला. मला काय, कळणारही नाही."

ठमे, ते टोमणा मारत नव्हते. मी त्यांना ओळखते. ते खरंच घ्यायला तयार होते. माझ्यासाठी त्यांनी असं काही देऊ केल्याचं मला आठवत नाही, आणि दिलं ते हे. मी रडले. ते गोंधळले. म्हणाले, "अगं, मी काय बोललो?" आणि मग, "नाक पूस. तू मूतखात्यातली अधिकारी."

मी म्हटलं, गोळी नाही. पण मग माझंही ऐकायचं. घड्याळ लावून जायचं, कळेची वाट बघायची नाही. मोठ्या माणसांचे लंगोट मिळतात ते घालायचे, 'मी काय तान्हं बाळ आहे' हे ऐकून घेणार नाही. आणि चादरी धुवायला बाई ठेवायची, घरातली गोष्ट बाहेर गेली तरी चालेल. ते बराच वेळ भांडले. लंगोटावर सगळ्यात जास्त. शेवटी म्हणाले, "रंग तरी कुठला असतो त्याचा?" तेव्हा मी समजले की जमलं.

उठताना त्यांनी विचारलं, "त्या दिवसांत मी काही बोललो का?"

मी सांगितलं. मी त्यांचे केस कापत होते ते, तुझं नाव, आईचं बोलावणं. मी 'नाही रागावले' म्हटलं तेही. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर काही बघण्यासारखं नव्हतं, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. किती वेळ उभे होते देव जाणे. घड्याळ वाजलं, संडासला जाऊन आले, पुन्हा तिथेच उभे.

मग म्हणाले, "कागद दे. रेघांचा."

सोबतचं पत्र त्यांचं आहे. मी वाचलेलं नाही. त्यांनीच पाकीट चिकटवलं.

ताई

५ एप्रिल

चि. ठमीस आशीर्वाद.

पत्र लिहिण्याची सवय नाही. चुका असतील.

तुझी ताई म्हणते की औषधाच्या अमलाखाली मी तुझ्याशी बोललो. प्रत्यक्षात तू नव्हतीस. मला त्यातलं काही आठवत नाही. परंतु ती जे सांगते ते ऐकल्यावर मी विचार केला. बोललो ते खरं आहे. आता औषध बंद आहे, डोकं जागेवर आहे, तेव्हा पुन्हा लिहितो.

तुझ्या आईने तुला बोलावलं होतं. मी बोलावलं नाही. मला भीती वाटली. गाडी दरीच्या कडेला असताना मी कधी घाबरलो नाही, परंतु तेव्हा घाबरलो. तू आल्यावर जे बोललो ते तुला बोलण्यासारखं नव्हतं. तू आली असतीस हे मला तेव्हाही माहीत होतं.

आई शेवटच्या दिवशी शुद्धीवर नव्हती. त्याआधी ती तुझ्याबद्दल बोलत असे. लहानपणी तू ड्रायव्हरच्या सीटवर बसून तोंडाने भोंगा वाजवायचीस ते तिला फार आठवे. हे तुला सांगायला हवं होतं. ते पण राहिलं.

ताईने तुझ्या वतीने मला उत्तर दिलं असं कळलं. ते मी धरलेलं नाही. तुझं उत्तर तू दे. देऊ वाटलं नाही तर देऊ नकोस, मी विचारणार नाही.

तुझ्या ताईची तब्येत बरी नसते. ती सांगत नाही. तिला अधूनमधून फोन करत जा.

माझी प्रकृती ठीक. किरकोळ तक्रार आहे ती तुला कळली असेलच.

तुझे बाबा

२१ एप्रिल

प्रिय ठमे,

बाबांचा फोन वाजला तेव्हा मी गच्चीवर होते. खाली आले तर खोलीचं दार लावलेलं आणि आतून त्यांचा आवाज. आधी वाटलं पोस्टमास्तर असतील. मग ऐकू आलं, "हं. हं. बोल, मी ऐकतोय." पोस्टमास्तरांना ते कधी असं म्हणत नाहीत.

मी दाराला कान लावला नाही, एवढी मी चांगली आहे. पण स्वयंपाकघरातून जे ऐकू येत होतं ते ऐकलं. बराच वेळ तूच बोलत असावीस, कारण ते नुसतं हं हं करत होते. मध्ये एकदा तू ओरडलीस, ते फोनमधून दाराबाहेर आलं, शब्द कळले नाहीत. ते म्हणाले, "बरोबर आहे." पुन्हा थोड्या वेळाने म्हणाले, "हेही बरोबर आहे." आपल्या बाबांच्या तोंडून हे दोनदा, एकाच फोनवर. मी गॅस बंद करून खाली बसले.

मग त्यांचं घड्याळ वाजलं. मला वाटलं आता फोन ठेवतील, निदान 'थांब जरा' म्हणतील. घड्याळ वाजत राहिलं आणि बंद पडलं. ते बोलतच होते. आईचं काहीतरी सांगत होते, दवाखान्यातली ती खिडकीजवळची खाट, शेजारच्या बाईचा रेडिओ, आईला कुठलं गाणं आवडायचं नाही. तू काही विचारत होतीस आणि ते आठवून आठवून सांगत होते. मी दारापर्यंत गेले, टकटक करायला हात उचलला आणि परत आले.

दार उघडलं तेव्हा अंधारायला लागलं होतं. सकाळी लंगोटावरून भांडण झालं होतं, तो घातलाच नव्हता. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, पायाखाली फरशी ओली. न्हाव्याकडून आले त्या दिवशी हा माणूस घरी येईपर्यंत मान वर करत नव्हता. आज माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "बोलत होतो."

मी म्हटलं, "ऐकलं."

"ती ओरडली फार."

"ओरडू दे."

"तेच म्हटलं मी," ते म्हणाले. "म्हटलं, ओरड. पैसे तुझे जातायत." आणि एकदम हसले. मग खुर्चीचा हात धरून उभे राहिले, मी पायजमा बदलेपर्यंत, आणि म्हणाले की हे ठमीला सांगायचं नाही.

म्हणून सांगतेय. तू काय माफ केलंस, काय नाही, त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो तुमचा दोघांचा प्रश्न आहे, मी त्यातून बाहेर. फक्त एवढं लक्षात घे, की तू त्यांना जे काही बोललीस ते ऐकताना त्यांना उठायचं होतं आणि ते उठले नाहीत.

फरशी मी पुसली. पायजमा भिजत घातलाय. उद्या बाई येईल. ते झोपलेत, आणि मीही आता पडते.

ताई